सही केली म्हणजे विमा उतरला असं नाही

मी रेस करत नाही. आमच्या हौशी कार रेसिंग टीममध्ये माझ्याकडे हिशोब, फॉर्म आणि पिटमधला जॅक एवढंच खातं आहे. त्यामुळे लॅप टायमिंगबद्दल वाचायला आला असाल तर इथेच थांबा. ही पोस्ट कागदांबद्दल आहे आणि जरा चिडूनच लिहिली आहे.

दोन सीझनपूर्वी पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी टीमच्या गाड्या उभ्या राहतात ती जागा) आमची गाडी ट्रेलरवरून उतरवताना रॅम्प सरकला. इंजिनही चालू नव्हतं, चार जण हाताने ढकलत होते. त्यातल्या एका मित्राच्या पायाचं हाड मोडलं. तो पगारी नव्हता, ड्रायव्हर नव्हता, तिकीट काढून आलेला प्रेक्षकही नव्हता. रजा टाकून मदतीला आलेला. ट्रेलर दुसऱ्याचा, रॅम्प तिसऱ्याने वेल्ड केलेला. आम्हाला वाटत होतं की आपल्यामागे तीन कागद उभे आहेत. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीने सांगितलं, ट्रेलर गाडीपासून सोडवलेला होता, आमचा संबंध संपला. आयोजकांची पॉलिसी प्रेक्षकांसाठी होती आणि क्रू म्हणजे ‘सहभागी’, म्हणून बाहेर. तिसरा कागद वेव्हर, म्हणजे इजा झाली तरी दावा करणार नाही असं लिहून देणं. त्यावर त्याने सकाळीच, न वाचता, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली होती. म्हणजे आमच्याकडचा एकमेव लागू होणारा कागद त्याच्याच विरोधात जाणारा! हॉस्पिटलचं बिल आम्ही वर्गणी काढून भरलं. मैत्री टिकली, पण ती त्याच्या मोठेपणामुळे. आमच्या हुशारीचा त्यात काही वाटा नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: हौशी टीम टायरवर जेवढा वेळ वाद घालते, त्याच्या निम्मा वेळ जरी ‘कोणाला काय झालं तर कोण देणार’ यावर घातला तरी पुष्कळ.

रस्त्यावरच्या पॉलिसीचं आधी उरकतो. ती ट्रॅकवर चालत नाही असंच धरून चाला. बहुतेक पॉलिसींमध्ये शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही विमा कंपनीला ही अट घालायची मुभा आहे. ‘पण आम्ही रेस करत नव्हतो, सराव करत होतो’ हा युक्तिवाद करून बघायचा असेल तर आधी पॉलिसीतली शब्दरचना वाचा. कित्येकदा सरावही त्यातच बसवलेला असतो.

खरा गोंधळ वेव्हरचा. वेव्हर म्हणजे ‘मी दावा करणार नाही’ असं वचन. त्यातून कुणाला एक पैसा मिळत नाही. आणि ते वचन कोर्टात टिकेलच असंही नाही. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्यानुसार धंदा चालवणाऱ्याला स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी कराराने झटकता येत नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत साधा निष्काळजीपणा वेव्हरने झाकला जातो, पण ढळढळीत बेपर्वाई झाकली जात नाही. २००५ मध्ये कॅलिफोर्निया स्पीडवेवर एका ट्रॅक डेला (हौशी लोक आपली गाडी ट्रॅकवर पळवतात तो दिवस) पिटमधून एक फेरारी ट्रॅकवर आली, तिला चुकवताना मागून येणारी पोर्शे कॅरेरा जीटी भिंतीवर आदळली. ड्रायव्हर आणि शेजारी बसलेला त्याचा पाहुणा, दोघेही गेले. वेव्हरवर सह्या झालेल्या होत्या. तरी पाहुण्याच्या पत्नीने दावा लावला आणि २००७ मध्ये सुमारे ४५ लाख डॉलरला तडजोड झाली. ट्रॅक, आयोजक, कार कंपनी, सगळ्यांच्या अंगावर थोडंथोडं आलं. सर्वांत मोठा वाटा मात्र मृत ड्रायव्हरच्या मालमत्तेवर पडला. मित्राला ‘चल, एक फेरी मारून आणतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचावं.

मोटरस्पोर्टच्या विम्याला सगळ्यात मोठा हादरा मात्र ट्रॅकवरून आलाच नाही. तो आला स्लोव्हेनियातल्या एका शेताच्या आवारातून. माळ्यावर गवताचे गठ्ठे रचणं चालू होतं, रिव्हर्स येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रेलरचा धक्का शिडीला लागला आणि शिडीवरचा माणूस पडला. २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने या व्नुक खटल्यात सांगितलं की वाहन त्याच्या नेहमीच्या कामासाठी वापरलं जात असेल तर जागा खासगी असली तरी सक्तीचा विमा लागू होतो. आता रेसकारचं नेहमीचं काम काय? रेस! म्हणजे शर्यतीतल्या प्रत्येक गाडीने बाकीच्या सगळ्यांविरुद्ध थर्ड पार्टी विमा घ्यायचा. असा विमा परवडेल अशा दरात देणार कोण? अख्ख्या खेळाचे धाबे दणाणले. शेवटी युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशाने, आयोजकांकडे दुसरं संरक्षण असेल तर शर्यतींना या सक्तीतून वगळायची सोय झाली, आणि ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा करून तो निकालच बाजूला सारला. (आमचाही ट्रेलरच होता, ही गोष्ट मला अजून टोचते.)

मग मागायचं काय? ‘इव्हेंटचा विमा आहे ना?’ हा प्रश्नच चुकीचा, कारण उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्यात प्रेक्षकांची जबाबदारी आहे की सहभागींचीही, हे विचारा. क्रू, मार्शल (ट्रॅकवर झेंडे दाखवणारे, सुरक्षा बघणारे), स्वयंसेवक यांना ती पॉलिसी कोणत्या रकान्यात टाकते, ते विचारा. सहभागींचा अपघात विमा हे आणखी वेगळं प्रकरण. त्यात चूक कोणाची हे न बघता ठरलेल्या मर्यादेपर्यंत उपचाराचे पैसे मिळतात. आमच्या मित्राला नेमका तोच हवा होता. गाडीच्या नुकसानीचं दुखणं मात्र मी फार उगाळत नाही. ट्रॅकवर ज्याची गाडी त्याचा खर्च, हा रिवाज सगळ्यांना माहीत आहे. वाहतुकीत आणि गॅरेजमध्ये गाडीला वेगळं संरक्षण मिळतं, ते घ्या आणि विषय सोडा.

दुसरी गोष्ट कुणालाच ऐकायला आवडत नाही. आपण खर्च वाटून घेतो, बक्षीसही वाटून घेतो, टी-शर्टवर एकच नाव छापतो. कित्येक देशांत कायदा याला भागीदारी समजू शकतो, आणि भागीदारीत एकाच्या चुकीची वसुली दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकते. क्लब किंवा कंपनी नोंदवली तर थोडी भिंत उभी राहते. पण ज्याने स्वतःच्या हाताने चुकीचं वेल्डिंग केलं, तो त्या भिंतीआड लपत नाही. १९९४ मध्ये इटलीतल्या इमोलाला फॉर्म्युला वन ड्रायव्हर आयर्टन सेना गेला, तेव्हा त्याच्या विल्यम्स टीमच्या गाडीच्या स्टिअरिंग कॉलममधला बदल इटलीतल्या कोर्टात वर्षानुवर्षं गाजला. आरोपी म्हणून टीमचे इंजिनियरही उभे होते, माणसं, नावानिशी. गाडीचे डिझायनर एड्रियन न्यूई सुटले, टीमचे तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड यांना २००७ मध्ये न्यायालयाने जबाबदार ठरवलं, पण मुदत उलटून गेल्याने शिक्षा झाली नाही. तिथे वकिलांची फौज होती. आपल्याकडे व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

म्हणून मी वही ठेवायला लागलो. कोणता नट कोणी, किती टॉर्कला आवळला, बेल्ट कधी बदलले, रॅम्प कोणी तपासला. पोरं मला ‘तलाठी’ म्हणतात. म्हणू देत.

या सीझनला विमा ब्रोकरला मी एकच प्रश्न लेखी पाठवला: बिनपगारी मदतनीस पॅडॉकमध्ये जखमी झाला तर पैसे कोण देणार? दोनदा गुळमुळीत उत्तर आलं. तिसऱ्यांदा आलं ते सरळ: नावं आधी कळवलीत तर आम्ही. मी अकरा नावांची यादी केली. एकाने ग्रुपवर लिहिलं, ‘माझं कशाला, मी तर नुसती टायरची हवा बघतो.’ त्याचं नाव यादीत पहिलं आहे.