पाच-सहा चित्रं आणि उरलेलं वर्ष

नमस्कार. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. ‘वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं काढायची, बाकी बसून राहायचं आणि तुमच्यासारख्यांनी त्याला ध्यान म्हणायचं’ हा पहिला. गायतोंडे कोटींत विकले जायला लागल्यावरच सगळ्यांना त्यांच्यातली शांतता दिसू लागली, हा दुसरा.

दुसरा बराचसा मान्य. लिलावाचे आकडे मी लेखात द्यायलाच नको होते. झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाबद्दलही मी सैल लिहिलं. झेन वाचलं आणि चित्रं अशी झाली, इतकं ते सरळ नाही. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून १९४८ साली पदविका घेतली त्या सुमाराला त्यांना आपल्याकडच्या लघुचित्रांनी धरलं होतं, पुढे युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकारानं. झेन त्यानंतरचं.

बसून राहण्याबद्दल मात्र मी हटणार नाही. त्यांची हत्यारं म्हणजे रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग लावायची-खरवडायची बोथट सुरी. तैलरंगाचा थर द्यायचा, त्यावर दुसरा, मग कुठेतरी खरवडायचं. कधी वर्तमानपत्राचे फाडलेले कपटे रंगावर ठेवून उचलायचे, म्हणजे आकार उमटतो. आता तैलरंग काही तासाभरात वाळत नाही. मी एकदा भिंती रंगवायचा छोटा रोलर आणून हा उद्योग करून पाहिला. निळ्यावर दुसऱ्याच दिवशी पिवळा चढवला. खालचा ओलाच होता, सगळा राडा झाला. बायको म्हणाली, ‘आपली पावसाळ्यातली गच्ची छान जमलीय!’

म्हणजे निम्मं थांबणं रंगच करायला लावतो. उरलेलं निम्मं जास्त अवघड. रोलर फिरला की काहीतरी आपोआप उमटतंच, त्यातलं काय ठेवायचं आणि काय पुसायचं हे समोर बसून बघितल्याशिवाय कसं ठरणार? योगायोग आहेच त्यांच्या चित्रांत, पण मंजूर केलेला.

आणि आळसच म्हणाल तर त्यांना झालेला १९८४ चा अपघात आठवा. त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास हाताळणं त्यांना जमेना. आळशी माणसाला याहून चांगलं निमित्त कुठलं? ते कागदावर काळ्या शाईनं लहान लहान रेखाटनं करत राहिले. त्यांच्या रंगांच्या थरांना तुम्ही ‘भिंतीला आलेली ओल’ म्हणता, ती या रेखाटनांत नावालाही नाही. नुसती शाई आणि भरपूर कोरा कागद. ती आधी बघा, मग भांडू.