आजारी माणसाला भेटायला जाताना

तुमच्या शेजारी एखादं जुनं, तीन खंडांवर ऐसपैस पसरलेलं साम्राज्य असेल आणि अलीकडे त्याची तब्येत बरी नसेल, तर आधी अभिनंदन. असा शेजार नशिबाने मिळतो. पण घाई नको. मोसंबी घेऊन भेटायला जा, उशाशी बसा, कपाळाला हात लावून 'ताप आहे हो' म्हणा, आणि दुसऱ्या हाताने गादीखाली किल्ल्या कुठे आहेत ते चाचपून ठेवा.

उस्मानी तुर्कांच्या बाबतीत युरोपातल्या बड्या घरांनी शंभराहून जास्त वर्षं हेच केलं. त्यांच्या अनुभवाचा लाभ घ्या.

निदान शक्यतो मोठ्याने करू नये. जानेवारी १८५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका मेजवानीत रशियाचा झार पहिला निकोलस ब्रिटिश राजदूत हॅमिल्टन सेमूर यांना म्हणाला, की आपल्या हातावर एक माणूस आहे, फार आजारी आहे, आणि सगळी व्यवस्था लागायच्या आत तो निसटला तर मोठी पंचाईत होईल. व्यवस्था म्हणजे काय, ते पुढच्या भेटींत उलगडलं. इजिप्त आणि क्रीट तुम्ही घेतलंत तर आमची हरकत नाही, असं त्याने सुचवलं. सेमूर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, घरी जाऊन लिहून काढलं आणि लंडनला धाडलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने तो खासगी पत्रव्यवहार छापून जगजाहीर केला. तेव्हा वाटणीची बोलणी करताना समोरचा टिपण ठेवणारा नाही ना, एवढं आधी बघून घ्या.

घरात शिरायला निमित्त लागतं. त्यासाठी देवस्थानासारखी सोय नाही. आपल्याकडे पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोन भावक्या तीन पिढ्या कोर्टात भांडतात. सुलतानाच्या राज्यातल्या बेथलेहेममध्ये वाद होता तो येशूच्या जन्मस्थानाच्या चर्चच्या किल्लीचा. मोठ्या दाराची किल्ली ग्रीक (म्हणजे ऑर्थोडॉक्स) साधूंकडे, आणि लॅटिन (म्हणजे कॅथलिक) साधूंना आत जायला बाजूचं दार. खाली गुहेत, येशू जन्मला त्या जागेवर, चौदा टोकांची एक चांदीची चांदणी जडवलेली होती. तिच्यावर लॅटिन अक्षरं होती, म्हणजे जागा कुणाची तेही त्यात आलंच. १८४७ मध्ये ही चांदणी गायब झाली. ग्रीकांनीच उपटली, असं लॅटिन म्हणाले. ग्रीकांनी हात वर केले.

आता चांदणी ती केवढी! पण लॅटिनांच्या पाठीशी फ्रान्स होता आणि ग्रीकांच्या पाठीशी रशिया. फ्रान्सने सुलतानाच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला), 'शार्लमेन' नावाची युद्धनौका पाठवली. किल्ली मागायला एवढ्या तोफा घेऊन जायची पद्धत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सुलतानाने लॅटिनांना किल्ली दिली, नवी चांदणीही बसवून दिली. मग रशियाने तुर्कांशी झालेला १७७४ चा कुचुक कैनार्जाचा तह बाहेर काढला. त्यात राजधानीत एक चर्च बांधायची परवानगी होती आणि त्या चर्चच्या वतीने रदबदली करायची मुभा होती. त्या एका कलमाच्या जोरावर सुलतानाच्या सगळ्या ऑर्थोडॉक्स प्रजेचं पालकत्व आमच्याकडे द्या, अशी मागणी झाली. पडवीत खाट टाकायला जागा दिली, तर पाहुण्याने वाड्याचा सातबारा मागावा, तसा हा प्रकार.

मागणी घेऊन आलेल्या प्रिन्स मेन्शिकॉव्हने दरबारी पोशाख घालायचीही तसदी घेतली नाही. साध्या कपड्यांत वजिराला भेटला आणि परराष्ट्रमंत्री फुआद एफेंदीकडे बघितलंसुद्धा नाही. फुआदने राजीनामा दिला. (आजाऱ्याचा अपमान करायचा तो घरच्या माणसांदेखत करावा, औषधापेक्षा लवकर लागू पडतो.) वर्ष संपायच्या आत युद्ध पेटलं. पुढे इंग्लंड-फ्रान्स आजाऱ्याच्या बाजूने उतरले आणि काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात माणसं गोळ्यांपेक्षा जास्त कॉलऱ्याने आणि हगवणीने मेली. १८५६ च्या पॅरिस तहाच्या सातव्या कलमाने तुर्कस्तानला युरोपच्या राष्ट्रमंडळात रीतसर सामील करून घेतलं. हे कलम विसरू नका. एकदा माणूस कुटुंबात आला, की मग वाटणी मागायला बरं पडतं.

भाषेकडेही लक्ष असू द्या. १८२७ मध्ये ग्रीसमधल्या नावारिनोच्या उपसागरात ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांच्या आरमारांनी सुलतानाचं आरमार काही तासांत बुडवलं. गंमत म्हणजे तिघांपैकी एकाचंही सुलतानाशी युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. पुढच्या जानेवारीत ब्रिटिश राजाच्या भाषणात या प्रकाराला 'अनिष्ट घटना' म्हटलं गेलं. घटना घडली, बस. कुणी घडवली वगैरे व्याकरणात शिरायचं कारण नाही.

जमीन घेताना मालक म्हणून शिरू नका, कूळ म्हणून शिरा. १८७८ मध्ये ब्रिटनने सुलतानाशी करार केला: रशियापासून आम्ही तुम्हाला सांभाळतो, त्यासाठी सायप्रस आमच्या कारभाराखाली द्या, मालकी तुमचीच. वरती वर्षाचा खंडही ठरला, ९२,७९९ पौंड, ११ शिलिंग, ३ पेन्स. तीन पेन्सांपर्यंतचा हा काटेकोर हिशेब बघून कुणाही मालकाला गहिवरून यावं. पैसे मात्र सुलतानाच्या हाती कधी पडले नाहीत. १८५५ च्या कर्जाला ब्रिटन आणि फ्रान्स जामीन होते, त्याच्या व्याजापोटी ते परस्पर वळते झाले. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध लागलं आणि कुळाने बेट नावावर करून घेतलं. ऑस्ट्रियाने बोस्नियाचं तेच केलं, तीस वर्षं 'तात्पुरता' ताबा ठेवून.

कर्ज तर द्यावंच. पहिलं परदेशी कर्ज सुलतानाने १८५४ मध्ये घेतलं, त्या किल्लीच्या युद्धासाठी. मग चटक लागली. १८७५ मध्ये हप्ते थकले आणि १८८१ मध्ये सावकारांनी राजधानीतच आपली कचेरी थाटली. मीठ, मुद्रांक, दारू, मासळी, रेशीम, तंबाखू, सगळ्यांचा वसूल थेट त्यांच्याकडे. सुलतानाची प्रजा भाकरीवर मीठ घ्यायची, तेव्हा चिमूटभर पॅरिसला आणि चिमूटभर लंडनला जायचं.

तुम्ही स्वतःच आजारी असाल तर? तरीही खचू नका. भेटायला आलेल्यांना आपसात झुंजवत ठेवा. इजिप्तचा सुभेदार उलटला, तेव्हा १८३३ मध्ये सुलतान दुसऱ्या महमूदने चक्क रशियाची मदत मागितली. बुडता माणूस सापालाही धरतो, असं तो म्हणाल्याचं सांगतात. आपल्याकडे बुडत्याला काडीचा तरी आधार असतो, त्याच्या वाट्याला तीही नव्हती. आणि त्या अपमानित फुआदच्या नावावर एक बोलणं सांगतात: आमचं राज्य जगात सगळ्यात भक्कम, तुम्ही बाहेरून पाडताय, आम्ही आतून पाडतोय, तरी पडत नाही.

राहिला खर्च. तो स्वतःच्या घरचा करू नये. १६ डिसेंबर १९१५ रोजी लंडनमध्ये ब्रिटिश मुत्सद्दी मार्क साइक्सने मंत्र्यांपुढे नकाशा पसरला आणि एकर बंदराच्या इंग्रजी नावातल्या शेवटच्या अक्षरापासून किर्कुकच्या शेवटच्या अक्षरापर्यंत रेघ ओढावी असं सुचवलं. (बंदराचं नावच एकर, मोजणीदाराचा खर्च वाचला.) आजारी माणूस अजून जिवंत होता आणि लढतही होता. त्याच आठवड्यात आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावर, कुत-अल-अमारा गावात, तुर्कांनी ब्रिटिशांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढलेलं होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. रसद संपली, घोडे कापायला सुरुवात झाली आणि धर्म आड आला म्हणून कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. पीठ दिवसेंदिवस कमी होत गेलं. सुटकेसाठी ब्रिटिशांनी तुर्कांपुढे वीस लाख पौंड ठेवले. आजाऱ्याने ते नाकारले. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३ हजार माणसं शरण गेली आणि कैदेच्या वाटेवर चालत निघाली. पुढच्याच महिन्यात साइक्स आणि फ्रान्सचा पिको यांच्या नावाने ओळखला जाणारा वाटणीचा करार पक्का झाला. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत चावडीजवळ दगडी पाटी दिसते: या गावातून इतके इसम महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. कुठे, कशासाठी, ते पाटीवर मावलेलं नाही.

शेवटी मृत्युपत्रावर सही घ्यायची जागा नीट निवडा. १९२० मध्ये महायुद्ध जिंकलेल्या मित्रराष्ट्रांनी ती पॅरिसजवळच्या सेव्र गावी, चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात घेतली. तीन वर्षांत त्या तहाच्या ठिकऱ्या झाल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझानला नवा करावा लागला. तोवर निदान करणाऱ्या झाराचं घराणं संपलं होतं, व्हिएन्नाचं आणि बर्लिनचंही. आजाऱ्याची गादी १९२२ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकली.

सावकार मात्र शाबूत होते. जुन्या कर्जाची वाटणी झाली आणि मोठा हिस्सा नव्या तुर्कस्तानच्या गळ्यात पडला. त्याचा शेवटचा हप्ता फिटला १९५४ मध्ये, किल्लीच्या युद्धासाठी पहिलं कर्ज काढल्यापासून बरोबर शंभर वर्षांनी.