जाड पाइप लावला म्हणून कॅनिस्टरचा फ्लो दुप्पट होत नाही

सध्या ॲक्वेरियमवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. कॅनिस्टर फिल्टरचे (टँकबाहेर ठेवलेला, पंप असलेला बंद डब्याचा फिल्टर) 12 मिमीचे पाइप काढून 25 मिमीचे लावा, फ्लो दुप्पट होईल. फिल्टर स्टँडखालून काढून टँकच्या बरोबरीने वर ठेवा म्हणजे पंपावरचा लोड जाईल. जोडायला पितळी फिटिंग वापरा, ती कायम टिकतात. फ्लो जास्त वाटला तर इनटेकचा (टँकमधून फिल्टरमध्ये पाणी आणणाऱ्या नळीचा) व्हॉल्व्ह थोडा बंद करा. आणि एवढं केलं की पाणी बदलायची गरजच नाही. नवीन लोकं हे वाचून खरंच पाइप कापायला बसलीत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला पाइपचा. हिशोब असा दिलाय की आतलं क्षेत्रफळ चौपट झालं म्हणजे फ्लो निदान दुप्पट तरी होणारच. पण पाणी फक्त पाइपमुळे अडत नाही ना, ते मीडियातून (फिल्टरमध्ये भरलेलं गाळायचं सामान), स्पंजमधून, प्रत्येक एल्बोतून (वळणाचा जोड) आणि पंपाच्या तोंडातून जातं, आणि इम्पेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) तर तोच राहतो. पाइपमधलं घर्षण जाड पाइपने खूप कमी होतं हे शंभर टक्के खरं, 12 चा 16 मिमी केलात तर तेवढ्याच फ्लोला साधारण एक चतुर्थांशच उरतं, पण तो अडथळ्याचा एकच भाग झाला, बाकीचे आहेत तिथेच आहेत. मी स्वतः 16 मिमी लावून बघितलाय. 10 लिटरची बादली आधी 68 सेकंदात भरत होती, नंतर 62. मग मीडिया टँकमधूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घेतला, इनटेकच्या नळीत लांब ब्रश फिरवला, आतून तपकिरी बुळबुळीत थर अक्षरशः लोंबत बाहेर आला, आणि तीच बादली 50 सेकंदात भरली. म्हणजे जास्त फरक ब्रशने पडला, पाइपने नाही. (मोजताना बादलीचा काठ टँकमधल्या पाण्याच्या पातळीला धरा, जमिनीवर ठेवलीत तर सायफन, म्हणजे नळीतून पाणी आपोआप खाली येणं, पाणी ओढतो आणि आकडा उगाच मोठा येतो.)

25 मिमीत अजून एक त्रास आहे. ताशी 600 लिटर पाणी 12 मिमीच्या नळीतून सेकंदाला दीड मीटरच्या आसपास जातं, तेच 25 मधून जेमतेम 35 सेंटीमीटर. एवढ्या संथ पाण्यात हवेचे बुडबुडे पुढे ढकलले जात नाहीत, वरच्या वळणात अडकून बसतात आणि घाण तळाच्या वळणात साठते.

फिल्टर वर ठेवायचा सल्ला तर साफ चुकीचा. कॅनिस्टर बंद असतो, दोन्ही पाइप पाण्याने भरलेले, जेवढं पाणी वर चढवायचं तेवढंच दुसऱ्या बाजूने खाली येत असतं, त्यामुळे उंचीचा लोड पंपावर जवळपास येतच नाही, फक्त घर्षणाचा येतो. उलट फिल्टर खाली असतो म्हणूनच सायफनने भरतो. बरोबरीने ठेवलात तर पाणी आपोआप भरणार नाही, हवा अडकेल आणि पंप कोरडा फिरेल. वर ठेवण्यापेक्षा पाइपची जास्तीची लांबी आणि वळणं कमी करा, त्याचा उपयोग होतो.

पितळेत तांबं असतं, आणि थोडंसं तांबंही कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. प्लास्टिकचीच फिटिंग घ्या, विषय संपला.

पाणी न बदलण्याबद्दल. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि साध्या फिल्टरमध्ये गाडी तिथेच थांबते. नायट्रेट साठतच जातं, फ्लो कितीही वाढवा, ते बाहेर काढायला पाणीच बदलावं लागतं, भरपूर झाडं असतील तर थोडं कमी इतकंच. आणि फायटरसारखा लांब पंखांचा मासा जोरदार फ्लोत दिवसभर कोपऱ्यात दबून बसतो हो, बघवत नाही.

आता व्हॉल्व्ह, हा सगळ्यात वाईट सल्ला. इनटेक आवळलात की कॅनिस्टरच्या आतला दाब पडतो, पाण्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते, जुन्या ओ-रिंगमधूनही (झाकणाचं गोल रबर) हवा आत ओढली जाते, ती सगळी इम्पेलरखाली जमते आणि पंप खरखरायला लागतो. माझा एक पंप असाच रात्रभर खरखरत होता, मला वाटलं नवीन आहे म्हणून आवाज करतोय, सकाळी आउटलेटमधून (टँकमध्ये पाणी परत सोडणारी नळी) नुसती धार टपकत होती आणि इम्पेलरचा दांडा झिजला होता. फ्लो कमी करायचा तर आउटलेटचा व्हॉल्व्ह आवळा, इनटेक कायम पूर्ण उघडा. पण आउटलेट आवळला की पंपाच्या बाजूचा दाब वाढतो, आणि नुसता दाबून बसवलेला जाड पाइप तिथूनच निसटतो. म्हणून प्रत्येक जोडाला क्लॅम्प लावा, आणि इनटेकचं तोंड तळाला टेकवू नका, थोडं वर ठेवा, म्हणजे त्या बाजूचा पाइप निसटलाच तर निदान तोंडाखालचं पाणी माशांना उरतं. हा मेसेज कुणाला पाठवला असेल तर निदान इनटेक बंद करायची ओळ चुकीची आहे एवढं त्यांना आजच कळवा.