मैदान कोणाला मिळते, त्यावरून क्लब कळतो

आज दुपारी मुलीच्या क्लबाकडून पालकांना सूचना आली. पुरुषांच्या दुसऱ्या संघाला गवताच्या मैदानावर जादा सराव हवा असल्यामुळे मुलींचा गुरुवारचा सराव पुढील सूचना मिळेपर्यंत ग्रांडच्या मैदानावर होईल. हॅम्बुर्गमध्ये ज्यांची मुले खेळतात त्यांना ही लाल खडीची मैदाने ठाऊक आहेत. तिथे पडले की गुडघा सोलवटतो आणि बारीक लाल कण जखमेत रुतून बसतात. रात्री दिव्याखाली ते एकेक काढताना मुलगी ओठ आवळून बसलेली असते.

सूचना वाचल्यापासून मला 23 मार्च 2025 चा रविवार आठवतो आहे. त्या दिवशी हॅम्बुर्गच्या फोक्सपार्कस्टाडियोनमध्ये महिलांच्या जर्मन चषकाचा उपांत्य सामना होता, आपल्या शहराचा मोठा क्लब एचएसव्ही विरुद्ध वेर्डर ब्रेमेन, आणि 57,000 प्रेक्षकांनी स्टेडियम गच्च भरले होते. आमच्या शेजारी एचएसव्हीचा निळा-पांढरा-काळा स्कार्फ गुंडाळलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांनी माझ्या मुलीला ‘तू फुटबॉल खेळतेस का?’ असे विचारलेच नाही. ‘कुठल्या जागेवर खेळतेस?’ असे थेट विचारले. मुलगी ताठ बसून म्हणाली, ‘डाव्या बचावात.’ मग आजी स्वतःविषयी सांगू लागल्या. लहानपणी भावाच्या क्लबात गोलची जाळी बांधायला त्यांना हक्काने बोलावत, पण जाळी बांधून झाली की मैदानाबाहेर काढत.

हे कोणा एका क्लबाचे आडमुठेपण नव्हते. जर्मन फुटबॉल महासंघाने 1955 साली महिलांच्या फुटबॉलवर बंदी घातली, आणि ती प्रत्यक्षात आली मैदानांच्या मार्गाने: सदस्य क्लबांनी महिलांना मैदान द्यायचे नाही, पंचांनी त्यांच्या सामन्यांना उभे राहायचे नाही. बंदी उठली 1970 च्या ऑक्टोबरमध्ये, तीही अटी घालून: चेंडू हलका, सामना तासाभराचा आणि बुटांना खिळे नकोत. म्हणून ‘फक्त मैदान तर बदलले आहे’ असे आज पालकांच्या ग्रुपवर कोणी लिहिले, तेव्हा माझा संताप अनावर झाला. मैदान बदलणे ही किरकोळ गोष्ट कधीच नव्हती.

‘पैसा पुरुषांचा संघ आणतो’ हे ठरलेले उत्तर येणार, हे मला माहीत आहे. मोठ्या क्लबांत तो आणतो, मान्य. पण एचएसव्हीने 2012 साली आपला महिला संघ बुंडेसलीगातून, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च विभागातून, काढून घेतला, तेव्हा सुमारे 1 लाख युरो कमी पडत असल्याचे सांगितले गेले. पुरुषांच्या बुंडेसलीगात खेळणाऱ्या क्लबासाठी ही रक्कम किती मोठी होती, हे तुम्हीच सांगा. पुढे 2018 मध्ये पुरुषांचा संघ दुसऱ्या विभागात घसरला आणि सात हंगाम तिथेच राहिला. त्यांचा संघ बंद करावा असे कोणाच्या मनातही आले नाही, आणि येऊही नये. मग महिलांच्या बाबतीत ते इतक्या सहज कसे सुचले? तोच महिला संघ खालून वर चढत 2023 मध्ये दुसऱ्या विभागात आला आणि 2025 मध्ये पुन्हा बुंडेसलीगात पोहोचला. त्या रविवारी जादा वेळेत ब्रेमेनने 3-1 असा विजय मिळवला, तरी आजी जागेवरून उठल्या नाहीत. खेळाडू प्रेक्षकांना अभिवादन करत आमच्या बाजूला येईपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या. उपांत्य सामना होता, त्यात उत्तरेतले जुने वैर, दर आठवड्याला एवढी गर्दी होत नाही, हेही खरे आहे. पण दार उघडले तर माणसे येतात, एवढे त्या दिवशी दिसले.

मी कोल्हापूरची आहे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने बघत वाढले, त्यामुळे जुन्या संस्थेविषयीची माया मला कोणी शिकवायला नको. आमच्या क्लबात सरावाचे वेळापत्रक करणारे गृहस्थ दिवसभराची नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता रात्री हे काम करतात, आणि गवताची मैदाने मुळातच कमी आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. खरे तर हे लिहिताना तो बराच निवळला आहे. परंतु मैदाने कमी आहेत म्हणून दर वेळी मुलींनीच का सरकायचे? पुरुषांचा दुसरा संघ एक आठवडा ग्रांडवर खेळला, तर त्यांचे गुडघे काही वेगळ्या कातडीचे नाहीत. त्या आजींना जाळी बांधून झाल्यावर बाहेर काढणाऱ्यांकडेही त्या दिवसापुरते काहीतरी व्यवहारी कारण असेलच.

नोंदणीकृत क्लबात सभासदांची सभा असते आणि तिथे प्रत्येक सभासदाला एकच मत असते, मग तो पहिल्या संघाचा कर्णधार असो की वर्गणी भरणारी आई. गवत आणि ग्रांड सर्व संघांनी आळीपाळीने वापरावे, असा लेखी प्रस्ताव मी आज रात्री पाठवते आहे. आपल्या क्लबातील ज्या मराठी पालकांनी अजून स्वतःचे सभासदत्व घेतलेले नाही, त्यांनी या आठवड्यात अर्ज भरावा. अर्ज जर्मनमध्ये आहे. अडचण आली तर मला फोन करा.