वारसा समितीला अध्यक्ष नेमताना

तुमच्या वास्तुविशारदांच्या संस्थेत वारसा संवर्धन समितीची निवडणूक लागलीय ना? मग गाफील राहू नका. चुकून जाणता माणूस निवडून आला तर तीन वर्षं निस्तरावं लागेल.

आधी उमेदवारांना एखाद्या जुन्या वाड्यात न्या. बहुतेक जण चौकात उभे राहून फोटो काढतील. एखादा मात्र भिंतीवर बोटाने टकटक करेल आणि म्हणेल, “गिलावा पोकळ वाजतोय, आत ओल आहे. सिमेंट कोणी मारलं इथे?” त्याचं नाव तिथेच कापा. हा गृहस्थ उद्या प्रत्येक बैठकीत जुन्या गिलाव्यातला चुना, सुरखी (विटांची पूड), गूळ, बेलफळ आणि हिरडा काढून बसेल. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार फुटतात, विटेचा भुगा होतो, हे तो सांगेल आणि (खरी पंचाईत इथेच आहे) ते बरोबर असेल. चुना मुरायला वेळ लागतो. ठेकेदाराचं बिल मात्र मार्चअखेर निघायचं असतं.

अध्यक्षाला इतिहास यावा, तोही भाषणापुरता. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला, हे त्याने गहिवरून सांगावं. त्याच इमारतीचा काही भाग २००५ साली कोसळला, ही माहिती सभेचा मूड घालवते. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचं श्रेय समितीकडे ओढता आलं तर सोन्याहून पिवळं. त्यातला जिंजी तमिळनाडूत आहे हे सांगू नका, टाळ्या कमी पडतात.

नियमांचं म्हणाल तर मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, तीत वास्तूंना महत्त्वानुसार श्रेणी मिळते. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला हात लावणं अवघड, तिसरीत बरीच मोकळीक. तेव्हा पहिलीतली वास्तू तिसरीत कशी बसते, हे ज्याला दिसतं त्यालाच दूरदृष्टीचा माणूस म्हणतात. त्याचंच ऑफिस शेजारच्या टॉवरचं काम करत असेल तर बिचकू नका. फाइल आतून माहीत असलेला माणूस सहजी मिळत नाही. स्वतःचा प्रस्ताव आला की तो चहाला बाहेर जाईल. एवढी शुचिता पुरे.

उन्हातान्हात शिडीवर चढून वाड्यांची मोजमापं घेणाऱ्या बाई उमेदवार असतील, तर त्यांना सहसचिव करा. अक्षर छान असतं, इतिवृत्त लिहितील.

आणि काहीही करून निवडणूक बिनविरोध होऊ द्या. पडलेल्यांना ‘निमंत्रित सदस्य’ म्हणा, मावळत्यांना ‘मार्गदर्शक’. सगळ्यांची नावं लेटरहेडवर मावली पाहिजेत. मावत नसतील तर टाइप बारीक करा, माणसं कमी करू नका.

पहिल्या बैठकीत सत्कार, बोधचिन्ह आणि अभ्यासदौऱ्याचं ठिकाण एवढे विषय ठेवा. मधेच कुणी सांगेल की कसब्यातल्या एका वाड्यात माडीच्या तुळईचं टोक भिंतीत कुजलंय, खाली दोन कुटुंबं राहतात, टेकू तरी लावायला हवा. अध्यक्षांनी गंभीर चेहऱ्याने नोंद घ्यायला सांगावी. विषय पुढच्या बैठकीत येईलच. पुढची बैठक पावसाळा संपल्यावर.