काकू, ते मेन नाही

सकाळपासून डोक्यात जे फिरतंय ते इथे लिहून टाकते, नाहीतर रात्री झोप यायची नाही.

पोराला आज तेरा पूर्ण होऊन चौदावं लागलं. वाढदिवसाला काय हवं, तर एनबीए 2के26 या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमची डिस्क. आम्ही दोघं, पोरगा आणि त्याचा एक मित्र असे निघालो. गाडीत तो मला मोबाइलवर कव्हरं दाखवत होता. एकावर शे गिलजस-अलेक्झांडर, एकावर कार्मेलो अँथनी आणि तिसऱ्यावर एंजल रीस. मी सहज म्हटलं, "हे तिसरं घेऊ या की." तर मागच्या सीटवरून मित्र म्हणतो, "काकू, ते बायकांचं एडिशन आहे. मेन नाही ते."

तेवढंसं पोर, त्याच्यावर काय रागवायचं? गप्प बसले. पण सिग्नल सुटेपर्यंत मी 1999 साली जाऊन पोचले होते.

जुन्या मैत्रिणींना हे पाठ आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या. नागपूरला आमच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकला. सिमेंटचं कोर्ट, सकाळी सहाची प्रॅक्टिस, नऊनंतर पाय ठेवता यायचा नाही इतकं तापायचं. जर्सी म्हणजे मुलांच्या संघाचे जुने बनियन. माझ्या पाठीवरचा 9 अर्धा उसवलेला होता, तो मी सेफ्टीपिनांनी टोचून फायनल खेळले. एक पिन खेळताना उघडली, त्याची खूण अजून आहे. मुलांचा संघ त्याच स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरून घरी. आणि वर्षाअखेर वार्षिकांक आला. मुखपृष्ठावर कोण? मुलं! रंगीत, पाच जण, हाताची घडी घालून. आम्ही पान 63 वर, वृक्षारोपणाच्या अहवालाखाली, काळ्या-पांढऱ्यात. ओळ एकच, "विजयी मुलींचा संघ". नावंसुद्धा नाहीत.

सरांना विचारायला गेले तर म्हणाले, "अगं, कव्हर कसं उठून दिसलं पाहिजे."

तर हे उठून दिसण्याचं प्रकरण. या गेमचं पहिलं कव्हर त्याच 1999 सालचं. त्यावर ॲलन आयव्हर्सन. पुढची चार वर्षंही तोच. छान, मला आवडायचा तो, सहा फुटांचा माणूस सात फुटी राक्षसांच्या मधून घुसायचा. मग शॅक दोन वर्षं, मग कोबी, जॉर्डन, लेब्रॉन, करी. आणि पहिली बाई कधी आली? 2021 मध्ये, कँडेस पार्कर. बावीस वर्षांनी! तीही विशेष आवृत्तीवर. ती आवृत्ती अमेरिकेत एका दुकान-साखळीत आणि कॅनडात दुसऱ्या एका साखळीत, बाकी जगाला चित्र बघायला. तेव्हा सगळीकडे टाळ्या पडल्या, मीही हृदय टाकलं होतं पोस्टवर. आता वाटतं, कशाला टाकलं?

याच कंपनीने कायरी अर्व्हिंग या खेळाडूसाठी काय केलं ते बघा. 2017 मध्ये कव्हरवर तो क्लीव्हलँडच्या जर्सीत होता. गेम बाजारात यायच्या तोंडावर त्याला बॉस्टनच्या संघात पाठवलं. तर नंतर हिरव्या जर्सीतलं दुसरं कव्हर काढलं! एका माणसाने बनियन बदलला म्हणून. आणि इथे आम्ही सेफ्टीपिना टोचतोय.

बरं, कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच म्हणून आधीच सांगते. हो, पुरुषांच्या लीगला पैसा जास्त, प्रेक्षक जास्त, कंपनी काही धर्मादाय संस्था नाही. हो, जॉर्डन आणि कोबीसुद्धा विशेष आवृत्त्यांवर आलेत, म्हणजे विशेष आवृत्ती हा अपमानच असतो असं नाही. कळतं मला. पुढे.

आदल्या वर्षीचा गेम, 2के25 घ्या. मुख्य कव्हरवर जेसन टेटम. त्याच्या सेल्टिक्स संघाने नुकतंच विजेतेपद मिळवलं होतं, मान्य. पण त्याच वर्षी डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे तिकडच्या बायकांच्या लीगच्या, आवृत्तीवर होती एजा विल्सन. कव्हर जाहीर झालं तेव्हा तिच्या नावावर दोन एमव्हीपी (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) आणि दोन विजेतेपदं. दोनच महिन्यांत तिसरी एमव्हीपी, एकमताने. 2025 मध्ये चौथी, जी लीगमध्ये आधी कुणालाच मिळाली नव्हती. टेटमची एमव्हीपी? शून्य. दोघं एकत्र असलेलं एक ऑल-स्टार कव्हरही काढलं होतं, तेवढं पुण्य कंपनीच्या पदरात टाकते. पण मेन कोण, हे तेरा वर्षांच्या पोरालाही कुणी न सांगता कळतं, मुद्दा तो आहे. पान 63 ला कुणी वाईट म्हटलं नव्हतं हो. फोटो छापला होता ना? मग झालं तर!

आणि रीस, त्या तिसऱ्या कव्हरवरची. 2024 मध्ये पदार्पणाच्याच मोसमात तिने सलग 15 सामन्यांत डबल-डबल केलं, म्हणजे गुण आणि रिबाउंड (बास्केट चुकून परतलेला बॉल पकडणं) दोन्ही दोन आकडी. सामन्याला 13.1 रिबाउंड, तो मोसमाचा विक्रम. लोक हसतात की स्वतःचेच बास्केटजवळून चुकलेले शॉट पकडते, "मीबाउंड" म्हणून चिडवतात. पकडते तर पकडते! चुकलेला बॉल पुन्हा उडी मारून आपणच घ्यायचा, याला आमच्या कोर्टवर जिगर म्हणायचे. तर तिने त्या चिडवण्याच्या शब्दाचाच ट्रेडमार्क करायला घेतला. भारी पोरगी आहे.

दुकानात तिचं कव्हर नव्हतंच. मेन घेतलं.

घरी आल्यावर पोरगा गेम लावून बसला आणि मी चहा घेऊन मागे. त्याच्या खोलीत कोबीचं पोस्टर आहे, काळी जर्सी, 24 नंबर. कोबी या गेमच्या कव्हरवर चार वेगवेगळ्या वर्षी आलाय, त्यातला दोन वर्षांचा मान तो वारल्यानंतरचा. ते पोस्टर बघताना मला नेहमी त्याची मुलगी जियाना आठवते. तेरा वर्षांची होती. 26 जानेवारी 2020 ला दोघं तिच्याच मॅचला निघाले होते, कोच तोच होता तिचा, आणि वाटेत हेलिकॉप्टर कोसळून दोघंही गेले. त्या एप्रिलमध्ये डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तिचं आणि तिच्या दोन सवंगडी मुलींचं नाव मानाने पुकारलं. मी ते फोनवर पाहिलं होतं, लॉकडाउनमध्ये, भांडी घासता घासता, आणि साबणाच्या हातानेच डोळे पुसले होते. आज पोराच्या पाठमोऱ्या मानेकडे बघत बसले. इतकी बारीक मान असते या वयात.

असो. कुठून कुठे गेले.

आपल्याकडच्या मुलांना विचारा, भारतीय बास्केटबॉलमधली एक बाई सांगा. पुण्याच्या शिरीन लिमयेने देशाच्या संघाचं नेतृत्व केलंय. माझ्या पोराला माहीत नव्हती. आई बास्केटबॉल खेळलेली असून. ही चूक माझी, ती कंपनीच्या माथी मारत नाही.

तो वार्षिकांक अजून आमच्या घरात आहे, कपाटात लग्नाच्या अल्बमशेजारी. फेकू शकत नाही, कारण मुखपृष्ठावरच्या पाचातल्या डावीकडून तिसऱ्याशी मी लग्न केलंय. हो, हसा. आज संध्याकाळी तो काढून पोराला आणि त्याच्या मित्राला दाखवला. आधी मुखपृष्ठ. "काका किती बारीक होते!" मग पान 63. मित्राने बराच वेळ फोटो डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "काकू, तुम्ही यातल्या कुठल्या?" छपाई इतकी वाईट की मलाही क्षणभर शोधावं लागलं. मागच्या रांगेत, डोकं अर्धं कापलेलं.

"पण मग जिंकलं कोण होतं?"

"आम्ही."

"मग कव्हरवर हे का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने रिमोट शोधायला घेतला.

आत्ता हे लिहिताना तो मागून वाचतोय. म्हणतो, दुरुस्ती कर, आम्ही दुसऱ्या फेरीत नव्हे, उपांत्यपूर्व फेरीत हरलो होतो.

मी विचारलं, मुलांचे संघ किती आले होते?

आठ.

म्हणजे पहिलाच सामना.