फोटो ब्लर येतो, त्याचा दोष ऑटो मोडवर ढकलू नका

गॅदरिंगचा आणि लग्नाचा हंगाम आला की एक सल्ला सगळ्या ग्रुपांवर फिरायला लागतो. रील्समध्ये तोच, व्हॉट्सअ‍ॅपवरही तोच. आशय असा: ऑटो मोड नवशिक्यांसाठी असतो आणि फोटो ब्लर येतात ते त्याच्यामुळेच. डायल ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर आणा, आयएसओ १०० वर ठेवा, स्टॅबिलायझेशन चालू करा, जमलं तर जास्त उजेड आत घेणारी १.८ची लेन्स घ्या. तरीही एखादा फोटो हललाच, तर अ‍ॅपमध्ये शार्प करून घ्या.

सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण नुकसान मोठं होतं. हौसेने कॅमेरा घेतलेला माणूस हे सगळं इमानदारीने करतो, फोटो आधीपेक्षा वाईट येतात आणि कॅमेरा कपाटात जाऊन बसतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर द्यावंसं वाटलं.

“ब्लरचं मूळ ऑटो मोडमध्ये आहे.”

ऑटो मोड समोरचा उजेड मोजतो आणि शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (लेन्स किती उघडते), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) या तिघांचा मेळ घालतो. फोटो काळाकुट्ट किंवा पांढराफटक येऊ नये, एवढं काम तो बहुतेक वेळा चोख करतो. समोरची मुलगी खुर्चीत बसली आहे की लेझीम खेळते आहे, हे मात्र बहुतेक कॅमेऱ्यांना कळत नाही. कमी उजेडात ऑटो मोड हातात धरून जमेल एवढा शटर स्पीड निवडतो, बऱ्याचदा १/६० सेकंदाच्या आसपास. बसलेल्या माणसाला तो पुरतो, नाचणाऱ्याला पुरत नाही.

शिवाय ब्लर एकाच कारणाने येत नाही. शाळेच्या गॅदरिंगचा एक नेहमीचा फोटो घ्या: बंद सभागृह, स्टेजवर साधे दिवे, मागच्या रांगेतून कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स ५५ मिमीपर्यंत झूम केलेली. तो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघा. मागच्या पडद्यावर चिकटवलेली थर्माकोलची अक्षरं कडांसकट स्वच्छ आहेत. मुलीचा चेहरा बऱ्यापैकी आहे, पण मनगटांच्या आणि लेझमीच्या चकत्यांच्या जागी नुसते पट्टे दिसतात. पडदा स्वच्छ, म्हणजे तुमचा हात हललेला नाही. चेहरा ओळखू येतो, म्हणजे फोकसही ठीक आहे. हलली ती मुलगी, आणि त्या मानाने शटर हळू पडलं.

आता त्याच कार्यक्रमातला दुसरा फोटो. यात काहीच स्वच्छ नाही आणि स्टेजवरच्या प्रत्येक दिव्याला एकाच दिशेने शेपूट फुटलंय. इथे कॅमेरा हलला. तिसऱ्या फोटोत स्टेज धूसर आहे, पण पुढच्या रांगेतल्या काकांच्या कॉलरची शिवण मोजून घ्यावी इतकी स्पष्ट आहे. इथे फोकस काकांवर बसला. तिन्ही फोटो ऑटोवरचे, तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. ‘एम’वर गेल्याने यातला तिसरा दोष तर जागचा हलत नाही, कारण ‘एम’ म्हणजे एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) मॅन्युअल. ऑटोफोकस पूर्वीसारखाच चालू राहतो. सेटिंगला हात लावण्याआधी फोटो मोठा करून त्यात काय स्वच्छ आलंय ते शोधा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

“आयएसओ १०० ठेवा, फोटो स्वच्छ येईल.”

या यादीतला सगळ्यात घातक सल्ला हाच, म्हणून इथे हिशेब मांडतो. लेझीमवाल्या फोटोची माहिती उघडली तर आकडे साधारण असे दिसतील: एफ/५.६ (हा अ‍ॅपर्चरचा आकडा, जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), १/६०, आयएसओ ३२००. आयएसओ १०० वर आणला तर सेन्सरला ३२ पट जास्त उजेड लागणार. लेन्स ५५ मिमीवर ५.६पेक्षा जास्त उघडत नाही, म्हणजे सगळा भार शटरवर येतो. १/६०च्या ३२ पट म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. तेवढ्या वेळात मुलीचे हात वरून खाली येतात, आणि ५५ मिमीवर कॅमेरा अर्धा सेकंद हातात स्थिर धरणंही कठीण. जो फोटो थोडा हललेला होता तो पूर्ण वाया जातो. शटर तेवढं हळू केलं नाही, तर फोटो काळा येतो.

आयएसओ वाढवला की दाणे येतात, हे खरं. पण दाणेदार फोटोत डोळे, पापण्या, नथीतले मोती शाबूत असतात. हललेल्या फोटोत तो तपशील नोंदलाच गेलेला नसतो. अल्बमच्या आकाराच्या प्रिंटवर ३२००चे दाणे कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत, हललेला चेहरा मात्र लगेच खुपतो. दाण्यांची भीती मनातून काढून टाकाच.

मग करायचं काय? आधी पुढे जा. १८-५५ची किट लेन्स १८ मिमीवर एफ/३.५ इतकी उघडते आणि ५५वर फक्त ५.६. झूम न करता जवळ गेलात तर त्याच दिव्यांत अडीच पट उजेड आत येतो, म्हणजे आयएसओ तोच ठेवून १/६०चं शटर १/१५०वर जातं. आयएसओ ६४०० केला की १/३००. नाचातले बहुतेक क्षण इथे स्थिर मिळतात. मुलगी फोटोत तेवढीच मोठी दिसायला नऊ मीटरवरून तीन मीटरवर यावं लागेल. बाईंना विचारून स्टेजच्या बाजूला जमिनीवर बसा. कुणाच्या आड न येता बसलात तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

दुसरं, ऑटोला एवढी एकच गोष्ट सांगा की शटर यापेक्षा हळू नको. निकॉन आणि सोनीवर डायल ‘एस’वर, कॅननवर ‘टीव्ही’वर आणा, शटर १/२५० ठेवा आणि आयएसओ ऑटोवरच राहू द्या. अनेक कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या मेनूमध्ये किमान शटर स्पीड ठरवण्याचीही सोय असते. चालणाऱ्या माणसाला १/१२५ ते १/२५०, नाचाला १/२५० ते १/५००, पळणाऱ्या मुलांना आणि क्रिकेटला १/५००च्या पुढे, एवढा अंदाज पुरतो. ढोल वाजवणाऱ्याच्या हातातलं टिपरू किंचित हललेलं मला तर आवडतं. चेहरा स्थिर असला की झालं.

“स्टॅबिलायझेशन असलं की ब्लर येत नाही.”

ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाला थांबवू शकत नाही. देवळाचा गाभारा, रात्रीचा दीपस्तंभ, रांगोळी यांसाठी ते फार उपयोगाचं. लेझमीसाठी शून्य.

“१.८ची लेन्स घ्या, प्रश्न मिटला.”

उजेडापुरतं हे बरोबर आहे. एफ/१.८ला ५.६च्या मानाने नऊ-दहा पट उजेड मिळतो, आणि ५० मिमी १.८ ही परवडणारी, छान लेन्स आहे. पण सोबत येणारी अडचण कुणी सांगत नाही. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीन मीटरवरून १.८ ला काढलेल्या फोटोत पुढे-मागे मिळून जेमतेम २५ सेंटीमीटरचा पट्टा नीट फोकसमध्ये असतो. घरच्या कार्यात दोन रांगांचा ग्रुप उभा केलात तर पुढची मुलं स्वच्छ येतात आणि मागे उभे असलेले आजी-आजोबा धूसर. लोक मग लेन्स खराब आहे म्हणून दुकानात घेऊन जातात. तिथेच एफ/५.६ ठेवलं असतं तर पाऊण मीटरचा पट्टा मिळाला असता आणि दोन्ही रांगा आल्या असत्या. कमी उजेडात एकट्या माणसाला १.८, ग्रुपला ५.६.

फोकसच्या बाबतीत मात्र ऑटो मोड सोडण्याच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करायला हवं. बऱ्याच डीएसएलआरवर हिरव्या चौकोनाच्या फुल ऑटोमध्ये फोकस पॉइंट (फोकस जिथे बसतो ती जागा) तुम्हाला निवडताच येत नाही. कॅमेरा सगळ्या पॉइंटांतून स्वतः निवड करतो, आणि बहुतेक वेळा सर्वांत जवळची, ठळक कडा असलेली वस्तू पकडतो. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना याचा चांगलाच त्रास होतो. अंतरपाट धरलेला असतो, त्यावर लाल कुंकवाचं स्वस्तिक असतं, आणि कॅमेऱ्याला त्याहून ठळक काही सापडत नाही. वधूचा चेहरा धूसर, स्वस्तिक मात्र धाग्यासकट स्वच्छ. मुंडावळ्यांचंही तेच होतं: मोत्यांवर फोकस बसतो, डोळे राहून जातात.

पण त्यासाठी ‘एम’पर्यंत जायची गरज नाही. ‘पी’वर या. शटर, अ‍ॅपर्चर ऑटोच राहतं आणि फोकस पॉइंट तुमच्या हातात येतो. एकच पॉइंट निवडा, तो डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबून फोकस बसू द्या, मग पूर्ण दाबा. समोरचा हलत असेल तर फोकस सतत चालू राहील असा मोड घ्या: कॅननवर ‘सर्व्हो’, निकॉन आणि सोनीवर ‘एएफ-सी’. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळे ओळखणारा फोकस ऑटोमध्येही मिळतो, आणि तो खरंच उत्तम चालतो.

‘पी’वर अंगचा फ्लॅशही आपोआप उघडत नाही. किट कॅमेऱ्यांच्या अशा बऱ्याच फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, त्याला एफच्या आकड्याने भागलं की मजल कळते) आयएसओ १०० ला मीटरमध्ये १२च्या आसपास असतो, म्हणजे एफ/५.६ वर दोन मीटरची मजल. आयएसओ ४०० केला तरी चार. मागच्या रांगेतून तो पुढच्यांची डोकी तेवढी उजळतो.

काही ब्लर तर सेटिंगचे नसतातच. फोनच्या लेन्सवर बोटाचं तेल असलं की दिव्यांभोवती धुकट कडं येतं. सुती रुमालाने पुसलं की गेलं. पावसाळ्यात कोकणात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला तर लेन्सवर बाष्प धरतं. थोडा वेळ तो बॅगेतच राहू द्या. फोनचा नाइट मोड अनेक फ्रेम जोडून फोटो बनवतो, त्यामुळे रोषणाई सुंदर येते आणि समोरून चालत जाणारी माणसं पुसट होतात. माणसं हवी असतील तर तो बंद करा.

“हललाच तर अ‍ॅपमध्ये शार्प करा.”

शार्पनिंग आहे त्या कडा ठळक करतं. फोकस थोडासाच गेलेला असेल तर फोटो बरा दिसतो. हललेल्या फोटोत मात्र पट्टेच ठळक होतात. चेहरा ‘सुधारून’ देणारी नवी एआय अ‍ॅप्स तर नसलेला तपशील अंदाजाने रंगवतात. आजीच्या चेहऱ्यावर कुणा दुसरीचेच डोळे येतात, आणि घरातल्यांना ते लगेच कळतं. त्यापेक्षा काढतानाच बटण दाबून धरा आणि ओळीने तीन-चार फोटो घ्या. त्यातला एक बहुधा स्थिर मिळतो.

आणि फोटो ब्लर आहे असं ठरवण्याआधी तो कुठे बघताय हे तपासा. व्हॉट्सअ‍ॅप साध्या पाठवणीत फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. २४ मेगापिक्सेलच्या मूळ फोटोत ती ६००० असते. एचडीचा पर्याय २०२३पासून आहे. प्रिंटला द्यायचा असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी येते.